झेंडा कापा, चुंबन ठेवा

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० साली शिवाजी महाराजांवर मूकपट काढला आणि नाव ठेवले ‘स्वराज्याचे तोरण’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, महाराजांची भूमिकाही त्यांचीच. ते साल कायदेभंगाचे. सेन्सॉरला नावातले स्वराज्य खुपले, आणि गडावर निशाण चढवण्याचा प्रसंगही. निशाणाला कात्री लागली आणि चित्रपट ‘उदयकाल’ या निरुपद्रवी नावाने लागला. पाच वर्षांनी, प्रभात पुण्यात आल्यावर, संत एकनाथांवरच्या ‘महात्मा’चे ‘धर्मात्मा’ करावे लागले. पडद्यावर होते बालगंधर्व, पण सरकारला त्या नावात गांधी दिसले.

याच काळात, १९३३च्या ‘कर्मा’त, देविकाराणी आणि हिमांशू राय यांचे लांबलचक चुंबन चित्रित झाले. चुंबनाला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. इंग्रजांचा सेन्सॉर नीतीच्या गप्पा मारत असे, पण त्याचा जीव अडकला होता राज्यात. १९१८च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे १९२०मध्ये मंडळे आली, ती पोलीस आयुक्तांच्या हाताखाली. त्यावरूनच काय ते समजावे. १९२१च्या ‘भक्त विदुर’मध्ये द्वारकादास संपत खादी आणि गांधी टोपी घालून विदुर झाले, तर मद्रास आणि सिंधमध्ये त्या पौराणिक पटावर बंदी आली.

स्वातंत्र्य आले आणि पारडे उलटे झाले. झेंडा आता हवा तितका फडकवावा. चुंबन मात्र गेले. त्याच्या जागी दोन फुले एकमेकांना टेकू लागली, झाडामागे ओढणी उडू लागली. १९५२च्या नव्या कायद्याने जुन्याचीच चौकट पुढे नेली: आधी दाखवा, मग दाखला घ्या. फरक एवढाच की आता मागणी खालूनही येऊ लागली. १९५४मध्ये दिल्लीच्या तेरा हजार बायकांनी पंतप्रधान नेहरूंकडे अर्ज केला, की सिनेमामुळे मुले बिघडत आहेत, आवर घाला. सेन्सॉरला शिव्या घालताना हा अर्ज आपण सोयीने विसरतो.

या चौकटीलाच आव्हान दिले ख्वाजा अहमद अब्बास यांनी. ‘चार शहर एक कहानी’ या त्यांच्या छोट्या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती. मंडळ म्हणाले, ती काढा, नाहीतर फक्त प्रौढांसाठीचा दाखला घ्या. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने माघार घेऊन दाखला देऊ केला, तरी अब्बास हटले नाहीत. त्यांना एका माहितीपटाची सुटका नको होती, तत्त्वाचा निकाल हवा होता. तो १९७०मध्ये लागला आणि विरुद्ध गेला: चलच्चित्र मनाला इतर कलांपेक्षा जोरात भिडते, म्हणून आधी तपासणे घटनेत बसते. त्याच्या आदल्याच वर्षी न्यायमूर्ती खोसला यांच्या समितीने कथेला गरज असेल तर चुंबन चालावे, असे सुचवले होते. अहवाल गाजला, पडद्यावर फुलेच राहिली.

आणीबाणीत तर दाखल्याचाही प्रश्न उरला नाही. अमृत नाहटांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या राजकीय व्यंगपटाच्या प्रिंट आणि निगेटिव्हच जाळल्या गेल्या. आणीबाणी उठल्यावर खटला चालला, संजय गांधी आणि माहिती व नभोवाणी मंत्री राहिलेले विद्याचरण शुक्ल दोषी ठरले, आणि पुढे सुटले.

१९८३मध्ये मंडळाच्या नावातून सेन्सॉर गेला, प्रमाणन आले, ‘यूए’ हा मधला दाखला आला. लोक अजून सेन्सॉरच म्हणतात आणि बरोबर म्हणतात. आतली पद्धत साधी आहे. सल्लागार मंडळींची समिती अंधारात चित्रपट बघते, त्यात स्त्रिया असाव्याच लागतात. पटले नाही तर पुनर्निरीक्षण समिती. या मंडळींना सरकार नेमते. बघणारे बदलले की निकाल बदलतो. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’चेच बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ही गोष्ट. २०१७मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात निवड समितीने घेतलेला हा मराठी चित्रपट माहिती व नभोवाणी मंत्रालयाने वगळला आणि समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. प्रमाणन मंडळाने मात्र तोच चित्रपट एकही कट न लावता प्रौढांसाठी मंजूर केला. एकाच सरकारच्या दोन खोल्यांत दोन समाज बसले होते.

आता भीती राजाची नाही, चुंबनाचीही फारशी नाही. ती कोणाच्या तरी दुखावणाऱ्या भावनांची आहे. ‘उडता पंजाब’च्या वेळी, २०१६मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाच्या कटांच्या यादीतला एक ठेवून बाकीचे उडवले, तेही प्रदर्शन तोंडावर आलेले असताना. इतका वेगवान न्याय सगळ्यांच्या नशिबी नसतो. म्हणून मधे अपील न्यायाधिकरण होते. २०२१मध्ये तेही बरखास्त झाले. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले, ही चांगली गोष्ट. पण मंडळाशी पटले नाही तर आता थेट उच्च न्यायालयाची पायरी. वकिलाची फी, तारखा, आणि इकडे थिएटर बुक झालेला शुक्रवार. छोट्या मराठी निर्मात्याने व्याजाने पैसे उचललेले असतात. तो कटांच्या यादीवर सही करून मोकळा होतो.