नकाशाच्या फेरफारांची साक्ष

३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांना महापूर येऊन चाळीसगाव जलमय झाले आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक खुंटली, तेव्हा कागदावरील घाटरस्ता मात्र पूर्ववत अखंडच होता. छापील नकाशाची ही मर्यादा लोकांनी मिळून रचलेल्या आंतरजालीय नकाशाला नाही, कारण त्यात कोणालाही तत्काळ दुरुस्ती करता येते. परंतु ही मुभा जाणत्याप्रमाणेच अजाणत्याला आणि खोडसाळालाही असल्यामुळे, बदल कोणी, केव्हा व कोणत्या आधारावर केला हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबणे युक्त नव्हे.

२००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडात आरंभिलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा अशा नकाशांचा अग्रणी होय. २००९पासून त्यात एका व्यक्तीने एका बैठकीत केलेल्या दुरुस्त्या ‘चेंजसेट’ या एकाच नोंदीखाली दाखल होतात. प्रत्येक बिंदूला व रेषेला आवृत्तिक्रमांक असतो आणि नकाशावरून वगळलेली वस्तूही इतिहासात शिल्लक राहते. गावच्या दफ्तरातील फेरफार नोंदवहीशी या व्यवस्थेचे साम्य आहे. मात्र तलाठ्याने घेतलेली नोंद हरकतींची मुदत संपून मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच कायम होते, तर येथे बदल आधी अमलात येतो आणि तपासणी मागाहून होते. म्हणूनच तपासणीची साधने या नकाशाचा आधारस्तंभ ठरतात.

मूळ नोंद अक्षांश-रेखांशांच्या रुक्ष आकड्यांची असते आणि नित्याच्या बदल-फायलीत केवळ नवी स्थिती असते. जुनी स्थिती ‘ओव्हरपास’ या सेवेच्या संग्रहातून काढून, ‘अचावी’सारखे साधन दोन्ही एकाच पटावर मांडते: नव्याने आलेले हिरव्या, वगळलेले तांबड्या रंगात, आणि सरकलेल्या रस्त्याच्या पूर्वीच्या व आताच्या रेषा शेजारीशेजारी. ‘ओएसएमचा’ हे साधन याच्या पुढे जाऊन, एकाच वेळी पुष्कळ वस्तू वगळणाऱ्या अथवा अन्यथा संशयास्पद दुरुस्त्या वेगळ्या काढते. तथापि या चित्रांचे वाचन सावधपणे केले पाहिजे. एकाच चेंजसेटमध्ये चाळीसगावातील एक आणि नंदुरबारातील एक वस्तू बदलली, तर त्या नोंदीची चौकट धुळ्यासह मधला सर्व मुलूख व्यापते, जरी तेथे काहीच घडलेले नसले तरी.

शिवाय साधन बदल दाखवते, सत्य ठरवत नाही. उपग्रहचित्रातील कोरड्या नाल्याचे पात्र दूरस्थ माणसाला कच्चा रस्ता वाटू शकते; तो भेद चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या वाटा पायाखाली घातलेला मनुष्यच जाणतो. यास्तव चाळीसगाव परिसरातील भूगोलाच्या शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील दुरुस्त्या नियमाने पाहाव्यात, शंका आल्यास त्या नोंदीखालीच सौजन्याने विचारणा करावी आणि चूक आढळल्यास ती स्वतः सुधारावी.