बक्षीस येते कुणाच्या खिशातून?

देवळा तालुक्यात कांद्याचा पैसा हाती येतो तो एकदम, आणि तो पुढच्या हंगामापर्यंत पुरवावा लागतो. उमराण्याच्या बाजार समितीत माल विकणाऱ्याला आडत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ही दलाली शेतकऱ्याने भरायची की खरेदीदाराने, यावरून २०१६ मध्ये राज्यात बाजार बंद पडले आणि शेवटी सरकारने ती खरेदीदारावर टाकली. मोबाइलवर ‘नाव नोंदवा, कॉइन फुकट मिळवा’ असा निरोप येतो तेव्हाही हाच प्रश्न विचारायला हवा. हे बक्षीस देतो कोण?

सगळ्याच क्रिप्टो योजनांचे उत्तर वाईट नाही. बिटकॉइनचे व्यवहार तपासून नोंदवहीत नवा ब्लॉक जोडणाऱ्याला २००९ मध्ये ५० बिटकॉइन मिळत. साधारण दर चार वर्षांनी हा आकडा निम्मा होतो. एप्रिल २०२४ पासून तो ३.१२५ आहे. ही नाणी नव्याने तयार होतात, म्हणजे जुन्या धारकांचा वाटा तेवढा पातळ होतो, पण नियम पहिल्या दिवसापासून उघड आहे आणि मोबदला कामाचा आहे. युनिस्वॅप या व्यवहार-मंचाने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या जुन्या वापरकर्त्यांच्या प्रत्येक खात्याला किमान ४०० टोकन वाटले. त्यांच्याकडून आधी ठेव मागितली नव्हती. तरीही टोकन म्हणजे पैसा नव्हे. बाजारात ते विकत घेणारा जी किंमत मोजेल, तेवढेच त्याचे मोल. तो नसला तर हातात नुसता आकडा उरतो.

जिथे बक्षीस वापराबद्दल नव्हे, तर माणसे आणल्याबद्दल मिळते, तिथे हिशेब बदलतो. महाराष्ट्राने हे गेनबिटकॉइनमध्ये पाहिले. अमित भारद्वाजच्या या योजनेत गुंतवलेल्या बिटकॉइनवर दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असे आश्वासन होते. म्हणजे एकाचे १.८ बिटकॉइन. कारण सांगितले जाई मायनिंगचे, म्हणजे वर सांगितलेल्या ब्लॉक जोडण्याच्या कामाचे. शिवाय नवे सभासद जोडले की कमिशन वेगळे. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच टोकन हाती ठेवण्यात आले आणि त्याचा भाव कोसळला. पुणे आणि नांदेड दोन्हीकडे गुन्हे नोंदले गेले, एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. सक्तवसुली संचालनालयाच्या आरोपानुसार गोळा झालेली रक्कम सुमारे ६,६०० कोटी रुपये आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारद्वाजचा मृत्यू झाला, डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे सोपवले. गुंतवणूकदारांच्या वाट्याला तारखा आल्या.

यावर कोणी म्हणेल, पैसे पाठवण्याच्या अॅपनीही मित्र जोडल्यावर बक्षिसे दिलीच की. दिली, गुगलचे तेज २०१७ मध्ये ५१ रुपये देई. पण तो कंपनीचा जाहिरात खर्च होता, जोडल्या जाणाऱ्या मित्राच्या ठेवीतून काढलेला वाटा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे: ब्लॉकचेनवरची, म्हणजे या नाण्यांच्या सामायिक नोंदवहीतली, नोंद सगळ्यांना दिसते, मग लबाडी लपेल कशी? नोंदीत इतकेच दिसते की नाणे या पत्त्यावरून त्या पत्त्यावर गेले. तो पत्ता कुणाचा आहे, आणि मायनिंगची म्हणून सांगितलेली यंत्रे खरोखर तेवढी कमावतात का, हे ती नोंद सांगत नाही. तिसरे म्हणणे गावात सर्रास ऐकू येते, की आमच्या ओळखीच्याला वेळेवर पैसे मिळाले. मिळाले असतील. पहिल्या रांगेला पैसे मिळाल्याशिवाय दुसरी रांग उभीच राहत नाही, आणि तो ओळखीचा माणूस मनाने खरा असला तरी पुढच्याचे पैसे कुठून येतील हे त्यालाही ठाऊक नसते. फसलेल्यांना हावरट म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी विश्वास टाकला तो बहुतेकदा भाऊबंदांवर.

म्हणून नातेवाइकांना जोडण्याआधी कायदाही माहीत असू द्या. बक्षीस चिटफंड आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा केंद्रीय कायदा अशी योजना चालवणाऱ्यापुरता थांबत नाही. तिच्यात सभासद होणे आणि सहभागी होणे यालाही त्यात मनाई आहे, आणि उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसवणूक झालीच, तर वाट न पाहता १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा.