नकाशा काढण्याआधी एक वाक्य

मागच्या भागात आपण प्लॉट घेताना बघायची कागदपत्रं पाहिली. आज पुढची पायरी. प्लॉट हातात आहे, पैशांची जुळवाजुळव झाली आहे, आता आर्किटेक्टकडे जायचं आहे. तिथे जाऊन सांगायचं काय?

बहुतेक लोक सांगतात ते असं : "तीन बेडरूम, पूर्वेला दार, गाडीला जागा, आणि हा बघा मोबाइलवरचा फोटो, पुढून असं दिसायला हवं." यात खोल्यांची संख्या आहे आणि दर्शनी भिंतीचं चित्र आहे. घर मात्र कुठेच नाही. त्या घरात कोण राहणार, दुपारी दोन वाजता कोण कुठे असणार, पाऊस कुठून आत येणार, यातलं काहीच नाही.

नोकरदार माणूस घर एकदाच बांधतो. फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शनची विकलेली रक्कम, सगळं त्यात जातं. कागदावरची भिंत खोडरबराने हलते. स्लॅब पडल्यावर तीच भिंत हलवायला घण लागतो. म्हणून नकाशाच्या आधी थोडे दिवस एका गोष्टीला द्या. तिला वास्तुरचनेत संकल्पना म्हणतात. माझ्या शब्दांत सांगायचं तर संकल्पना म्हणजे एक वाक्य, जे सांगतं की या माणसांसाठी, या जागेवर, घर असंच का असावं.

प्रत्येक माहितीपुढे 'म्हणून'

हे वाक्य सुचत नाही, ते काढावं लागतं. लष्करात कोणतीही योजना आखण्याआधी आम्ही 'अॅप्रिसिएशन' करत असू, म्हणजे परिस्थितीचा आढावा. त्याचा क्रम ठरलेला : आधी उद्दिष्ट, मग परिणाम करणारे घटक, मग उपलब्ध पर्याय, शेवटी निवड. त्यात एक कडक शिस्त होती. "पुढे नाला आहे" एवढं लिहून चालत नसे. "पुढे नाला आहे, म्हणून गाड्या इथून जाणार नाहीत" इथपर्यंत यावं लागे. ज्या माहितीतून 'म्हणून' निघत नाही, ती आढाव्यातून काढून टाकायची.

घरालाही हीच पद्धत लागू पडते. घटक दोन प्रकारचे : माणसांच्या गरजा आणि जागेचा स्वभाव.

गरजा : खोल्या मोजू नका, दिवस लिहा

एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहा. आमच्या जबलपूरला गन कॅरेज फॅक्टरी, व्हेईकल फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी. घरात कोणी रात्रपाळीचा असेल, तर तो सकाळी दहा वाजता झोपलेला असतो. म्हणून त्याची खोली स्वयंपाकघराला लागून नको. आजींचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांचं झोपणं, न्हाणं आणि बसणं एकाच मजल्यावर, एकही पायरी न चढता. मुलं दिवाळीला आणि मे महिन्यात येतात, म्हणून त्यांच्या खोल्या वर्षातले दहा महिने बंद राहणार; त्या सगळ्यात चांगल्या कोपऱ्यात कशाला?

यादी झाली की तिचे तीन भाग करा : गरज, इच्छा आणि सवय. न्हाणीघर जवळ असणं ही गरज. दर्शनी भागात काच ही इच्छा. संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसणं ही सवय. सवयीला हलकं समजू नका, घर आपलंसं वाटतं ते तिच्यामुळे. आणि घरातल्या मोठ्यांची वास्तुशास्त्रावर श्रद्धा असेल, तर तीही याच यादीत पहिल्याच दिवशी लिहा. पाया खोदल्यावर ती बाहेर आली की सगळ्यांनाच त्रास.

शेवटी यादीकडे पंधरा वर्षं पुढे जाऊन बघा. तेव्हा जिना कोण चढणार? वरचा मजला भाड्याने द्यावा लागेल का?

जागा : तीन वेळा जाऊन बघा

टेकडी नकाशावर दिसते, पण तिच्यामागचा ओहोळ तिथे गेल्यावरच दिसतो. प्लॉटवर सकाळी सात वाजता जा, दुपारी तीन वाजता जा, आणि मोठा पाऊस पडून गेल्यावर जा. ऊन, वारा, पाण्याचा उतार, शेजाऱ्याची खिडकी, झाड, आवाज, धूळ, सगळं कागदावर बाणांनी दाखवा. आमच्या रिछाईच्या औद्योगिक भागाजवळ प्लॉट असेल तर ट्रकचा रस्ता कोणत्या बाजूला आहे, हे दिशांइतकंच महत्त्वाचं.

आता जबलपूरच्या जागेचे तीन स्वभाव सांगतो.

पहिला, सूर्य. जबलपूर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, सुमारे २३.२ अंश उत्तरेला. २१ जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर असतो, म्हणून सगळ्यात जास्त ऊन छप्पर खातं. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर उतरतो. दक्षिणेच्या खिडकीवर लगेच दोन फुटांचा छज्जा असेल, तर तेव्हा त्याची सावली दोन फुटांहून थोडी कमी पडते. चार फूट उंच खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात राहतो, थंडीत ते हवंच असतं. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच छज्जा साडेचार फुटांहून जास्त सावली देतो, म्हणजे खिडकी पूर्ण झाकतो. दक्षिण अशी साध्या छज्ज्याने सांभाळता येते. पश्चिम मात्र सांभाळता येत नाही, कारण मे महिन्यात संध्याकाळी पाचचं ऊन छज्ज्याखालून थेट आत घुसतं. म्हणून पश्चिमेला जाळी, व्हरांडा, झाड, नाहीतर ज्यात कोणी फार वेळ बसत नाही अशी खोली.

दुसरा, माती. या भागात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मदनमहालच्या टेकड्यांकडे मात्र ग्रॅनाइट आहे. म्हणून शेजाऱ्याने केला तसाच पाया, असं करू नका. आधी माती तपासून घ्या.

तिसरा, भूकंप. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरलं तेव्हा खालचा मजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर मोकळा ठेवलेल्या इमारतींचे तेच खांब दुखावले. वर भिंतींमुळे ताठपणा, खाली मोकळेपणा. धक्क्याचा सगळा भार त्या खालच्या खांबांवर येतो. म्हणून इथे घराचा आकार साधा, चौकोनी, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला बरा. खाली गाडी, वर घर हवंच असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या बैठकीलाच बोलवा. आकार ठरून गेल्यावर त्याच्या हातात फक्त लोखंड वाढवणं उरतं.

एक उदाहरण मांडून बघू

समजा, ३० बाय ५० फुटांचा प्लॉट. ३० फुटांची बाजू पश्चिमेला, ट्रकच्या रस्त्यावर. दक्षिणेला शेजाऱ्याची दोन मजली भिंत. उत्तरेचा प्लॉट रिकामा, पण उद्या तिथेही घर होणार, म्हणून तिकडच्या उजेडावर विसंबायचं नाही. राहणारे तिघं : साठीतले नवराबायको आणि ऐंशी ओलांडलेली आई. मुलं पुण्याला आणि नागपूरला.

पहिला पर्याय नेहमीचा : पुढे हॉल, मागे झोपायच्या खोल्या. यात दिवसभर वापरायचा हॉल दुपारभर तापणार आणि ट्रकचा आवाज खाणार.

दुसरा, वाड्यासारखा मधोमध चौक. उजेड छान, पण ३० फुटांच्या रुंदीत चौकाच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या अरुंद होतात, आणि आईला पावसात चौकाच्या कडेने ये-जा करावी लागते.

तिसरा, घर उलटं फिरवणं. रस्त्याच्या बाजूला गाडी, जिना आणि कोठीची खोली यांचा एक थर. त्यामागे स्वयंपाकघर. बैठक आणि आईची खोली पूर्वेला, मागच्या अंगणाकडे उघडणारी. दुपारनंतर त्या अंगणावर घराचीच सावली पडते, म्हणजे चार वाजता चहा तिथेच. पाहुण्याला आतपर्यंत यावं लागतं ही यातली उणीव. त्यासाठी दाराशी दोन खुर्च्यांची ओसरी.

न्हाणीघरंही पश्चिमेच्या थरात ढकलता आली असती. पण आईचं न्हाणीघर तिच्या पलंगापासून चार पावलांवर हवं, म्हणून ते पूर्वेलाच. गरज आणि जागा यांचं भांडण लागलं की ज्याचं नुकसान भरून निघत नाही, त्याच्या बाजूने निकाल द्यायचा. तापलेल्या भिंतीवर उपाय असतो, रात्री पडलेल्या म्हातारीवर नसतो.

निवड झाली. आता वाक्य : "रस्त्याकडे पाठ, अंगणाकडे तोंड; खाली रोजचं घर, वर सणाचं."

हे वाक्य पुढे किती कामाला येतं बघा. कोणी म्हणालं, पुढे सगळी काच लावू. रस्त्याकडे पाठ ठरली आहे, काच बाद. जिना फाटकाजवळ आल्यामुळे वरचा मजला उद्या भाड्याने देता येतो, खालच्यांना त्रास नाही. वरच्या खोल्या साध्या ठेवून वाचलेले पैसे छपराच्या उष्णतारोधक थराला लावता येतात.

मोठ्यांचीही हीच रीत

भोपाळला गेलात तर भारत भवन जरूर बघा. वास्तुकार चार्ल्स कोरिया, उद्घाटन १९८२. गरज अशी की चित्र, नाट्य, संगीत, कविता एकत्र नांदाव्यात आणि सामान्य माणसाने बिचकू नये. जागा मोठ्या तलावाकडे उतरणारी. म्हणून इमारत उभी केलीच नाही, उतारात बसवली. माणूस वरून येतो, गच्च्यांवरून पायऱ्या उतरत चौकांत पोचतो, आणि तलाव कुठेच झाकला जात नाही.

मुंबईचं कांचनजंगा, १९८३ मध्ये पूर्ण झालेलं, याच वास्तुकाराचं. तिथे समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडचाच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा हे उत्तर काढलं होतं. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच बाग करून उंच इमारतीच्या कोपऱ्यांत नेला.

आणि आपल्या आज्यांची घरं? कोकणात पाऊस तिरका येतो, म्हणून उतरतं छप्पर आणि पडवी. देशावर उन्हाळा कोरडा, म्हणून जाड भिंती आणि चौक. तीही जागेच्या 'म्हणून'मधूनच आली आहेत. म्हणून रत्नागिरीचं घर जबलपूरला जसंच्या तसं उचलून आणू नका. त्यामागचा विचार आणा.

वाक्याच्या तीन परीक्षा

एक : हेच वाक्य दुसऱ्या कोणत्याही प्लॉटला चालत असेल, तर ती संकल्पना नाही. "आधुनिक, हवेशीर, प्रसन्न घर" इथेच नापास.

दोन : त्या वाक्याने तुम्हाला कशाला तरी नाही म्हणता आलं पाहिजे.

तीन : ते मिस्त्रीला सांगितलं तर कळलं पाहिजे.

आर्किटेक्टकडे जाताना फोटोंऐवजी एक कागद न्या : घरातल्यांचे दिवस, पाच पक्क्या गरजा, बाणांचा नकाशा, आणि बजेटचा खरा आकडा. त्यांच्याकडून कारणांसकट किमान दोन पर्याय मागा. उत्तर शोधणं हे त्यांचं काम, त्यांचं शिक्षण त्यासाठीच आहे. प्रश्न नीट मांडणं हे आपलं. पहिल्या रेखाटनावर बोट ठेवून विचारा, "हे इथे का?" उत्तरात तुमची माणसं किंवा तुमची जागा आली, तर पुढे जा. नुसतं "सध्या असंच चालतं" आलं, तर चहा घ्या आणि पुन्हा विचारा.

पुढच्या भागात अंदाजपत्रक कसं वाचायचं ते बघू. तोवर दुपारी तीन वाजता एकदा प्लॉटवर जाऊन या. टोपी घाला, पाणी सोबत ठेवा.