कुत्रा शिकवावयाचा, तर आधी मालकाने शिकावे

शेतकरी बैल घेतो तेव्हा चार बाजार पाहतो, दात मोजतो, जनावर चालवून पाहतो आणि मगच व्यवहार करतो. कुत्र्याच्या बाबतीत एवढी चौकशी सहसा होत नाही. वाटेवर सापडलेले किंवा शेजाऱ्याने दिलेले पिल्लू घरी आणावयाचे, गोठ्याच्या कडेला बांधावयाचे आणि उरलीसुरली भाकरी टाकावयाची, येथेच पालनाचा आरंभ आणि शेवट होतो. पुढे ते भुंकू लागले की राखणीची सोय झाली असे समजतात. आणि ते कोणास चावले की दोष कुत्र्याच्या माथी मारला जातो. कुत्र्यांना शिकविण्याचा व्यवसाय करणारी जाणकार मंडळी मात्र या बाबतीत फार स्पष्ट बोलतात. चावऱ्या कुत्र्याची तक्रार आली की ती प्रथम त्याच्या मालकाची दिनचर्या विचारतात.

शहरातील अनुभव खेड्याच्या कामाचा

गिरगाव, दादर, परळ व लालबाग या मुंबईच्या जुन्या वस्त्यांत कुत्रा पाळणे ही सोपी गोष्ट नाही. चाळीतील खोली लहान, गॅलरी सामाईक, जिना अरुंद. तेथे एका कुत्र्याची वाईट सवय साऱ्या चाळीस भोवते. म्हणून कुत्र्याचे शिक्षण ही तेथे हौस नसून गरज ठरते. खेड्यात मोकळी जागा असल्याने तेच दोष बरेच दिवस झाकून राहतात आणि शाळेच्या वाटेवर एखाद्या मुलाचा पाय फाडला गेला म्हणजे एकाएकी उघडे पडतात.

याच परिसरात पशुवैद्यकाची जुनी परंपराही आहे. परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय असून लोक त्यास ‘बैलघोडा इस्पितळ’ म्हणून ओळखतात. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही १८८६ पासून परळलाच आहे. जवळच असलेल्या हाफकिन संस्थेची सुरुवात १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी झाली व पुढे तेथे श्वानदंशावरील लसही तयार होत असे.

निवड करताना

शिक्षकांचे पहिले परखड मत निवडीविषयी आहे. थंड प्रदेशातील दाट केसांचा कुत्रा केवळ ऐटीसाठी मुंबईच्या दमट हवेत आणणे, हा त्या जनावरावर अन्याय होय. असे कुत्रे धापा टाकीत दिवस काढते, चिडचिडे होते आणि घरच्यांना नकोसे झाले की रस्त्यावर सोडले जाते. आपल्या हवेस देशी कुत्राच मानवतो. दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्रा किंवा सीमेपलीकडील मुधोळचा कुत्रा यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु गावातले साधे पिल्लूही योग्य वळण लावल्यास उत्तम राखणदार होते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. पहिल्या तीन-चार महिन्यांत ते जे पाहते व ऐकते त्याची भीती त्यास पुढे वाटत नाही. लालबाग-परळच्या कुत्र्यांस गणेशोत्सवातील ढोल-ताशांची व फटाक्यांची ओळख करून द्यावी लागते. ती हळूहळू आणि लांबून करून देतात. त्याचप्रमाणे शेतकऱ्याने पिल्लास गुरे, कोंबड्या, लहान मुले, सायकल, ट्रॅक्टर व पाहुणेरावळे यांची सवय लावावी. जे पिल्लू चार भिंतींच्या आडच वाढते, ते पुढे प्रत्येक नव्या वस्तूवर धावून जाते.

शिकवण कशी द्यावी

कुत्र्याचे शिक्षण पाच-दहा मिनिटांचे, परंतु रोजचे असावे. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ असे मोजके शब्द ठरवावेत व घरातील सर्वांनी तेच वापरावेत. बापाने ‘बस’ म्हणावयाचे, मुलाने ‘खाली बस’ म्हणावयाचे आणि आजीने हातात काठी घ्यावयाची, असे झाल्यास कुत्रा काहीच शिकत नाही. सांगितलेले केल्याबरोबर भाकरीचा लहान तुकडा द्यावा व पाठ थोपटावी. बक्षीस तत्काळ मिळाले तरच त्याचा संबंध कुत्र्यास कळतो.

शिक्षेचेही तसेच आहे. सकाळी कोंबडी मारली म्हणून संध्याकाळी कुत्र्यास बडविल्यास त्यास कोंबडी आठवत नाही. मालक आला की मार बसतो, एवढेच त्यास समजते. भ्यालेला कुत्रा एक दिवस उलटतो. कोंबड्यांच्या मागे धावणाऱ्या पिल्लास लांब दोरीस धरून त्यांच्याजवळून रोज फिरवावे आणि ते शांत राहील तेव्हा तुकडा द्यावा, हा उपाय अधिक खात्रीचा होय.

कुत्रा ‘तिखट’ व्हावा म्हणून त्यास डिवचणे, उपाशी ठेवणे किंवा अंधारात कोंडणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, असे शिक्षक बजावतात. असा कुत्रा चोर आणि घरचे मूल यांत फरक करीत नाही. परक्यास पाहून भुंकावे, पण मालकाने ‘पुरे’ म्हणताच थांबावे, हीच खऱ्या राखणदाराची खूण. मुलांनाही शिकवावे लागते: जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ त्यांनी जाऊ नये.

१९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्राडोर कुत्र्याने स्फोटकांचे मोठे साठे हुंगून काढले व अनेकांचे प्राण वाचविले. लोक त्याच्या नाकाची तारीफ करतात, ती योग्यच आहे. परंतु त्या नाकामागे रोजचा सराव आणि सतत सोबत असणारा माणूस होता, हे विसरता कामा नये.

साखळीचा प्रश्न

दिवसरात्र आखूड साखळीस बांधलेला कुत्रा चावरा होतो. त्यास पळून जाता येत नाही, म्हणून जवळ येणाऱ्यावर तो झेप घेतो. सकाळ-संध्याकाळ त्यास फिरवून आणावे व एरवी साखळी लांब, हलकी आणि सावलीत असावी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही हेच सांगतो. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर दीर्घकाळ बांधणे आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे, हे दोन्ही त्या कायद्यान्वये गुन्हे आहेत. पाळलेल्या जनावरापासून माणसास इजा होऊ नये याची खबरदारी न घेणारा मालकही कायद्याने दोषी ठरतो.

लस ही पहिली जबाबदारी

कितीही शिकविलेला कुत्रा लस न टोचल्यास घरास धोका आहे. पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची, लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. तथापि वेळीच उपाय केल्यास हा रोग पूर्णपणे टाळता येतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस टोचावी, पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दुसरी मात्रा द्यावी व पुढे दरवर्षी लस द्यावी. दाखला जपून ठेवावा.

कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने सतत पंधरा मिनिटे धुवावी. तीवर मिरची, चुना, हळद किंवा तेल लावू नये. अंगारे-धुपाऱ्यात वेळ दवडू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जावे. जखमेतून रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत लस थांबवू नये.

‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही भीती अजूनही खेडोपाडी ऐकू येते आणि तीमुळे मुले चावा लपवितात. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. देशात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. आजची लस दंडात किंवा कातडीत टोचतात व तिच्या मात्रा चार-पाचच असतात. त्या सर्व ठरलेल्या तारखांना पूर्ण करणे मात्र आवश्यक आहे.

जंत, पाणी आणि पिल्ले

कुत्र्यास नियमित जंताचे औषध द्यावे. कापलेल्या शेळी-मेंढीची कच्ची आतडी-काळजे त्यास घालू नयेत. त्यातून होणारे जंत माणसाच्या यकृतात गाठी करतात. लेप्टोस्पायरोसिस हा रोग मुख्यतः उंदरांमुळे पसरत असला तरी कुत्र्याच्या मूत्रातूनही पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. भातखाचरात उभे राहून काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सर्वांत अवघड जबाबदारी पिल्लांची आहे. सुमारे त्रेसष्ट दिवसांत कुत्री विते. नर पिल्ले लोक नेतात आणि माद्या पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडल्या जातात. भटकी कुत्री वाढली म्हणून ओरड करणारेच पुष्कळदा ती वाढवीत असतात, असे शिक्षक तोंडावर सांगतात. कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही, याचा अनुभव मुंबईने दीर्घकाळ घेतला. जून १८३२ मध्ये कुत्री मारण्याच्या हुकुमावरून तेथे दंगाही उसळला होता. त्यानंतरही मारणे चालू राहिले, पण कुत्री हटली नाहीत. अखेर १९९० नंतरच्या दशकात शहराने निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. २०२३ च्या नियमांनुसार पाळीव जनावराचे निर्बीजीकरण, लस व जंतनिर्मूलन यांची जबाबदारी मालकावर आहे.

ग्रामसेवकांनी काय करावे

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वी गावातील पाळीव कुत्र्यांची यादी करावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने एकाच दिवशी सर्वांना लस टोचून घ्यावी. त्याच दिवशी शाळेत चाव्यावरील प्रथमोपचार समजावून सांगावेत व चावा लपवू नये हे मुलांच्या मनावर ठसवावे. ज्या घरी कुत्र्यासाठी वेळ, जागा आणि लसीची तयारी नाही, त्या घरी तूर्त कुत्रा न पाळणेच बरे, असे सांगण्यासही कचरू नये. ज्या घरी ही तयारी आहे, तेथे कुत्रा खळ्याचा, गोठ्याचा आणि मुलाबाळांचा विश्वासू सोबती होऊन राहील.