अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात वनस्पतींची सुगंधी तेले

ओवा, दालचिनी, लवंग इत्यादी वनस्पतींची सुगंधी तेले कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली असता अंडी वाढतात, रोग टळतात व औषधाचा खर्च वाचतो, असे सांगून त्यांची भुकटी किंवा बाटल्या हल्ली सर्वत्र विकल्या जातात. ज्यांनी शेतीस जोडधंदा म्हणून पाचशे-हजार कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांच्यापुढे हा माल घ्यावा की न घ्यावा, असा प्रश्न वारंवार येतो. या तेलांत गुण आहे यात संशय नाही. परंतु तो गुण कोणता, तो कोठे दिसतो व कोठे दिसत नाही, हे समजून न घेता पैसा घातल्यास तो वाया जाण्याचाच संभव अधिक. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रतिजैविकांची जागा

इ. स. १९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळून आले की, प्रतिजैविक औषधे अगदी अल्प प्रमाणात खाद्यात घातली असता कोंबडीची पिले लवकर वाढतात. तेव्हापासून ही चाल जगभर पसरली. परंतु रोज थोडे थोडे औषध मिळत गेल्याने जंतू त्यास सरावतात, आणि पुढे माणसास तोच रोग झाला असता औषध लागू पडत नाही, हे हळूहळू ध्यानात आले. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी अशी औषधे खाद्यात घालण्यास बंदी केली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती सर्व सभासद देशांत बंद केली. आपल्या देशातही कोलिस्टिन हे औषध पशुपक्ष्यांस देण्यासाठी विकण्यास २०१९ च्या जुलै महिन्यात मनाई झाली. त्यामुळे त्या औषधांची जागा घेईल असे काही निर्धोक द्रव्य हुडकण्याकडे शास्त्रज्ञांचे व व्यापाऱ्यांचे लक्ष लागले, आणि सुगंधी तेलांस महत्त्व आले.

सुगंधी तेल म्हणजे काय?

तिळाचे किंवा भुईमुगाचे तेल घाण्यातून निघते व कागदावर पडल्यास त्याचा डाग कायम राहतो. सुगंधी तेल याहून निराळे. ते वाफेच्या भट्टीने काढतात, आणि उघडे ठेवल्यास ते हवेत उडून जाते. आपल्या परिचयाच्या ओव्यात शेकडा सुमारे २ ते ४ भाग असे तेल असते, व त्या तेलाचा मोठा अंश थायमॉल, म्हणजे ज्यास आपण ओव्याचे फूल म्हणतो, त्याचा असतो. पोटदुखीवर घरोघरी वापरली जाणारी अमृतधारा याच ओव्याच्या फुलात पुदिन्याचे फूल व कापूर मिसळून करतात. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत होणाऱ्या ओरेगानो नावाच्या वनस्पतीत कार्व्हाक्रॉल हे थायमॉलचेच भावंड मुख्यत्वे असते. लवंगेत युजेनॉल व दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड असते. खाद्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत बहुधा याच चार द्रव्यांपैकी एक-दोन असतात.

गुण येतो तो कसा?

जंतूच्या शरीराभोवती स्निग्ध द्रव्याचा पातळ पापुद्रा असतो. ही तेले स्निग्ध पदार्थांत सहज विरघळत असल्यामुळे त्या पापुद्र्यात शिरतात. पापुद्रा सच्छिद्र होऊन आतील क्षार बाहेर झिरपतात आणि जंतू निर्बल होतो किंवा मरतो. प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत हा परिणाम उत्तम दिसतो. विक्रीच्या पत्रकांत जे दाखले देतात ते बहुधा या नळीतलेच असतात.

कोंबडीच्या पोटात मात्र गोष्ट निराळी आहे. नळीत जंतू मारण्यास जेवढे तेल लागते, त्याच्या मानाने खाद्यातील मात्रा फारच लहान असते; शिवाय तेलाचा बराच अंश आतड्याच्या वरच्या भागातच रक्तात शोषला जातो व खालच्या भागापर्यंत थोडाच पोहोचतो. यासाठीच तेलाच्या कणांवर मेदाचे किंवा पिष्टाचे वेष्टण देऊन भुकटी करण्याची युक्ती निघाली आहे. वेष्टण हळूहळू विरघळून तेल आतड्यात पुढवर जाते, आणि साठवणीत उडूनही जात नाही.

तेलांचे आणखी दोन गुण सांगतात. एक, पाचक रस अधिक सुटून अन्न बरे पचते. दुसरा, मेद विटण्याची क्रिया मंदावते. या दुसऱ्या गुणाचा पुरावा विशेष भक्कम आहे. ग्रीस देशात थेसालोनिकी येथे २००५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत ओरेगानो खाऊ घातलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतील बलकाचा मेद कमी विटला. परंतु अंड्यांच्या संख्येत मात्र फरक पडला नाही. उलट, तुर्कस्तानात उन्हाळ्याच्या दिवसांत केलेल्या एका प्रयोगात तेलांच्या मिश्रणाने अंड्यांचे उत्पादन वाढलेले दिसले.

ही विसंगती नव्हे. ज्या कोंबड्या निरोगी आहेत, ज्यांची जागा कोरडी आहे व खाद्य समतोल आहे, त्यांस तेलाने सुधारण्यासारखे फारसे उरत नाही. ज्यांवर उष्णतेचा, दाटीचा किंवा जंतूंचा ताण आहे, त्यांच्यात फरक दिसण्याचा संभव अधिक. परंतु यातूनच सावधगिरीची गोष्ट निघते: घाणीमुळे कमी पडलेली अंडी तेलाने थोडी भरून निघाली, तरी ओली गादी बदलणे हा उपाय त्याहून स्वस्त व खात्रीचा आहे.

मात्रा व मिसळण्याची रीत

बहुतेक प्रयोगांत एक टन खाद्यास ५० ते ३०० ग्रॅम तेल वापरलेले आढळते. संकरित कोंबडी दिवसास सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे ५०० कोंबड्यांस रोज ५५ किलो खाद्य लागते. टनास १०० ग्रॅम हे प्रमाण धरल्यास इतक्या कोंबड्यांस मिळून दिवसाचे तेल अवघे साडेपाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर होते. एवढे तेल ५५ किलो खाद्यावर नुसते शिंपडल्यास काही कोंबड्यांस अधिक जाईल व काहींस मुळीच मिळणार नाही. म्हणून ते आधी किलोभर भाताच्या कोंड्यात चोळून घ्यावे, तो कोंडा दहा किलो खाद्यात मिसळावा, व नंतर ते सर्व खाद्यात कालवावे. निर्भेळ तेल डोळ्यांस व त्वचेस झोंबते. हाताळताना काळजी घ्यावी. तयार भुकटी वापरणाऱ्यांनी पिशवीवरील प्रमाण पाळावे. मात्रा वाढविल्याने गुण वाढत नाही; उग्र वासामुळे कोंबड्या खाणे कमी करतात, आणि अंड्यास वास लागण्याचीही भीती असते.

घरचा ओवा दळून घातला तर चालेल काय, असे पुष्कळजण विचारतात. वर दिलेल्या हिशेबाने १०० ग्रॅम तेल मिळण्यास साधारण ३ ते ४ किलो ओवा एका टनास लागेल. ज्यांच्या शेतात ओवा पिकतो त्यांस हे परवडेल. मात्र ओव्यातील तेलाचे प्रमाण वाणाप्रमाणे व जमिनीप्रमाणे बदलते, आणि दळून ठेवलेल्या पुडीचा वास थोड्याच दिवसांत उडतो. म्हणून लागेल तेवढाच ताजा दळावा.

परवडते की नाही?

एक टन खाद्यात सुमारे ९००० कोंबड्यांचे एक दिवसाचे भोजन होते. दर शंभर कोंबड्यांमागे रोज एक अंडे अधिक मिळाले, तर टनामागे ९० अंडी अधिक येतात. अंड्याचा भाव पाच रुपये धरल्यास ही ४५० रुपयांची प्राप्ती झाली. ज्या मालाचा खर्च टनामागे याहून अधिक, त्याने शंभरी एक अंड्यापेक्षा जास्त वाढ दिली पाहिजे. नाहीतर तो तोट्याचा. आपापल्या बाजारभावाने हा हिशेब प्रत्येकाने माल घेण्यापूर्वी मांडून पाहावा.

वाढ खरोखर झाली की नाही हे नुसत्या नजरेने कळत नाही. सर्व कोंबड्यांस तेल सुरू केले आणि त्याच सुमारास ऊन उतरले, तर अंडी हवेमुळे वाढतील व श्रेय तेलास मिळेल. यासाठी एकाच वयाच्या कोंबड्यांचे दोन सारखे भाग करावेत. एकास तेलाचे, दुसऱ्यास नेहमीचे खाद्य सहा आठवडे द्यावे. पुढे सहा आठवडे अदलाबदल करावी. रोजची अंडी, फुटकी अंडी, तोलून दिलेले खाद्य व मृत कोंबड्या यांची नोंद दोन्ही भागांची वेगवेगळी ठेवावी. दोन्ही वेळा तेलाचीच बाजू वरचढ ठरली तर तो माल आपल्या उपयोगाचा समजावा. एकदा इकडे, एकदा तिकडे असा निकाल आल्यास पैसा दुसरीकडे घालावा.

तेलाने जे होत नाही

राणीखेत हा विषाणूंचा रोग आहे. त्यास लस हाच उपाय. तेलावर भरवसा ठेवून लस टाळणाऱ्याचा सबंध कळप जाऊ शकतो. रक्ती हगवण लागली असता पशुवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. कवच पातळ होत असेल तर प्रथम चुना पाहावा: कोंबडीस दिवसास ३.५ ते ४ ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि ते शिंपल्यांच्या किंवा चुनखडीच्या चुऱ्यातून मिळते, ओव्याच्या तेलातून नव्हे. तसेच प्रथिने शेकडा १६ ते १८, खाद्याच्या दुपटीइतके स्वच्छ व थंड पाणी, आणि ऐन अंड्यांच्या काळात दिवसाचा व दिव्याचा मिळून सुमारे सोळा तास उजेड, या गोष्टी आधी साधल्या पाहिजेत.

सारांश, सुगंधी तेल हे चांगल्या व्यवस्थेस जोड म्हणून उपयोगी पडणारे द्रव्य आहे. उन्हाळ्यात, तलंगा नव्याने अंड्यावर येताना, किंवा प्रतिजैविके बंद करून पाहण्याच्या वेळी त्याची परीक्षा घेणे योग्य होईल. परीक्षेस उतरल्यास ते जरूर वापरावे. परंतु पहिला रुपया समतोल खाद्य, कोरडी गादी, स्वच्छ पाणी व वेळेवर लस यांवर खर्च करावा, आणि त्यातून उरेल तोच तेलासाठी काढावा.