बँकेने कापलेले पैसे परत मागा, तो आपला हक्क आहे

‘मुलीच्या स्कॉलरशिपच्या खात्यातून मिनिमम बॅलन्सचे पैसे कापले,’ सापगावात एक आई पासबुक दाखवत म्हणाली. अशा वेळी गप्प बसू नका. जनधन किंवा बेसिक बचत खात्याला किमान शिल्लक लागतच नाही. इतर खात्यांत आधी कळवून महिन्याची मुदत द्यावी लागते, आणि या दंडाने शिल्लक शून्याखाली नेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे.

पासबुकात एन्ट्री मारून घ्या. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकीलही नको. माहितीसाठी फोन १४४४८. शिवाय ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथेही फी नाही.

रक्कम छोटी असेल, पण हक्क छोटा नसतो.