तीन महिन्यांची साखर

घरात कुणाला साखरेचा आजार असला की तपासणीच्या आधी काय चालते, ते तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. दोन दिवस चहा बिनसाखरेचा, भात बंद, रात्री अर्धीच भाकरी. सकाळी उपाशीपोटी दिलेल्या रक्ताचा आकडा बरा आला, की परतताना बाजारातून जिलबीचा पुडा! डॉक्टरांना चकवले खरे, पण डोळ्यांना, मूत्रपिंडाला आणि पायाच्या नसांना कोण चकवणार?

म्हणून डॉक्टर 'एचबीए१सी' नावाची तपासणी लिहून देतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगते तोवर चिकटूनच राहते. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणजे मागल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब रक्तानेच लिहून ठेवलेला असतो. दोन दिवसांच्या उपासाने तो खोडता येत नाही.

आता घोटाळा असा, की बोटाला टोचून पाहिले तर १५० किंवा १८० दिसते आणि या कागदावर मात्र ७ नाहीतर ८. मेळ घालायचा कसा? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचे गणित दिले. कागदावरच्या आकड्याला २८.७ ने गुणा आणि त्यातून ४६.७ वजा करा. ७ म्हणजे सरासरी साखर १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. पुष्कळ रिपोर्टांत ही 'अंदाजे सरासरी' खाली छापलेलीच असते. बहुतेकांनी ७ च्या आत राहावे असे डॉक्टर सांगतात, वयस्कर माणसाला थोडी सूट देतात.

पण सरासरीचा फसवेपणा शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. तालुक्यात पाऊस सरासरीइतका झाला, तरी ऐन फुलोऱ्यात वीस दिवसांचा खंड पडला तर सोयाबीन हातचे जाते. साखरेचेही तसेच. जेवणानंतर २४० आणि पहाटे ६० असली, तरी सरासरी १५० च दिसेल! गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी रानात गेलेल्या माणसाला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, तर तिथल्या तिथे साखर किंवा गूळ खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. सावरला तरी पुढच्या खेपेला हे डॉक्टरांना सांगाच. रिपोर्टात ते दिसत नाही.

आणखी एक. अंगात लोह कमी असले तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणे काही नवे नाही. उलट सिकलसेल असेल तर तो कमी दिसू शकतो. विदर्भात, नंदुरबारकडे ज्या घरांत हा आजार आहे, त्यांनी तो आधीच सांगावा. मग डॉक्टर दुसऱ्या तपासणीचा आधार घेतात.

या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. भाकरी खाऊन दुपारच्या एसटीने गेलात तरी चालते.